पेल्यातली चेरी आणि मोहाचे फूल

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

घरी चार पाहुणे जमतात. कोणाच्या हाती लिंबाच्या सरबताचा पेला असतो, कोणाच्या हाती आणखी काही. त्यावर एक लालभडक चेरी ठेवली की पेला सजला असे आपण समजतो. ही चेरी निवडायची कशी आणि मुळात ती आली कुठून, हा आजचा विषय. विषय शहरातल्या दिवाणखान्याचा आहे, पण मी तो सुरू करणार आहे हेमलकशापासून.

हेमलकसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्याचे गाव. बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात इथे लोकबिरादरी प्रकल्पाची मुहूर्तमेढ रोवली आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांमध्ये राहून दवाखाना आणि शाळा उभी केली. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. पण या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, हे शहरातल्या माणसाच्या सहसा ध्यानात नसते. म्हणजे कॉकटेल हा शब्द इथे गुन्ह्याच्या पोटात जातो. आणि तरीही कॉकटेलच्या चेरीची गोष्ट नीट समजायची असेल तर हेमलकशाच्या रानासारखी दुसरी जागा नाही. कारण या रानात मोहाचे झाड आहे. कायद्याने एखाद्या फळाचे किंवा फुलाचे काय होऊ शकते, ते चेरीने अमेरिकेत अनुभवले आणि मोहाने आपल्याकडे.

आधी चेरीकडे वळू. दुकानातून आणलेली लाल चेरी, केकवरची किंवा पानातली, सुरीने मधोमध कापून बघा. खऱ्या चेरीत एकच टणक आठळी असते, आणि ती काढून टाकली असेल तर फळाच्या मध्यभागी एक गोल पोकळी आणि आरपार गेलेले भोक दिसते. तुमच्या तुकड्यात तशी पोकळी नसून दोन कप्पे आणि चपट्या बारीक बियांच्या खुणा दिसल्या, तर ती चेरी नाही. ते करवंद आहे! कोकणातल्या, घाटावरच्या माणसाने लहानपणी काट्यांत हात घालून ओरबाडलेले तेच करवंद. आपल्या देशात चेरी या नावाने जी स्वस्त पाकवलेली फळे विकली जातात, त्यांतली पुष्कळशी अशी करवंदेच असतात. डब्यावर बारीक अक्षरांत करवंद किंवा करोंदा असे छापलेले असते, पण बारीक अक्षरे वाचतो कोण?

मला यात फसवणुकीपेक्षा हुशारी जास्त दिसते. करवंद आंबट, घट्ट, आणि पाकात शिजवले तरी आकार न सोडणारे. कच्ची किंवा अर्धवट पिकलेली करवंदे मिठाच्या पाण्यात ठेवली की त्यांचा चीक जातो. मग टोचून, रंगवून, दिवसागणिक दाट होत जाणाऱ्या पाकात ती मुरवतात. आवळ्याचा मोरावळा करणाऱ्या आपल्या आजीला ही रीत कोणी शिकवावी लागली नसती. फक्त तिने आवळ्याला आवळाच म्हटले असते.

मग खरी चेरी कोणती? त्यासाठी एड्रियाटिक समुद्राच्या काठी जावे लागते. आजच्या क्रोएशियात झादर नावाचे बंदर आहे. त्याच्या परिसरात मरास्का नावाची एक लहान, काळपट, चांगलीच आंबट चेरी होते. या चेरीपासून गाळलेल्या गोड मद्याला मराश्कीनो म्हणतात. अठराव्या शतकातच झादरमध्ये त्याचे कारखाने निघाले होते. पुढे जिरोलामो लुक्सार्दो नावाचा जिनोआचा गृहस्थ तिथे स्थायिक झाला आणि त्याने १८२१ मध्ये आपली भट्टी सुरू केली. त्याच्या पत्नीला घरी हे मद्य करण्याचा नाद होता, त्यातून धंदा उभा राहिला, असे सांगतात. मरास्का चेरी त्याच मद्यात किंवा तिच्याच रसाच्या दाट पाकात मुरवून ठेवायची, ही मूळची मराश्कीनो चेरी. रंगाने जवळजवळ काळी, चवीला आंबटगोड, किंचित कडसर. तिच्यात लाल रंग नव्हता आणि तिला त्याची गरजही नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात झादरवर बॉम्बवर्षाव झाला, कारखाना उद्ध्वस्त झाला, लुक्सार्दो कुटुंबातली काही माणसे मारली गेली. वाचलेल्या ज्योर्जो लुक्सार्दोने १९४७ मध्ये इटलीत पादुआजवळच्या तोरेल्या गावी कारखाना पुन्हा उभारला. आजही ती काळपट चेरी तिथून बाटलीत भरून जगभर जाते. महाग असते. पण कोणी परदेशाहून आणली तर एक तरी चाखून बघा, म्हणजे आपण आजवर कशाला चेरी म्हणत होतो ते कळते.

ही काळी चेरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या मोठ्या हॉटेलांत आणि मद्यगृहांत पोहोचली. तिथे मागणी वाढली आणि नकला सुरू झाल्या. नक्कल इतकी बोकाळली की १९१२ मध्ये सरकारला ठरवून द्यावे लागले की मरास्का चेरी मराश्कीनो मद्यात मुरवलेली असेल तरच तिला मराश्कीनो चेरी म्हणावे, बाकीच्यांनी नक्कल असे लिहावे. पण तेवढ्यात हवा बदलत होती. दारूविरोधी चळवळीचा जोर होता आणि १९२० पासून १९३३ पर्यंत तर अख्ख्या अमेरिकेत दारूबंदी होती. दारूत मुरवलेली चेरी विकायची कशी?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दारूबंदीमुळे एका रात्रीत चेरीचा रंग पालटला असे सांगितले जाते, ते खरे नाही. बिनदारूची चेरी बंदीच्या आधीपासूनच बाजारात होती. शिवाय ओरेगन राज्यातल्या शेतकऱ्यांची अडचण वेगळीच होती. त्यांच्याकडे फिकट, मऊ गराची गोड चेरी भरपूर पिके, पण खारवताना ती लिबलिबीत होई. तिथल्या कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट वीगंड नावाच्या प्राध्यापकाने १९२० च्या दशकात प्रयोग करून त्या खाऱ्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार मिसळले, तेव्हा फळ घट्ट राहू लागले. पद्धत अशी: चेरी गंधकाच्या वायूने भारलेल्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायची. तिचा रंग, वास, चव सगळे निघून जाते आणि पिवळट पांढरे भूत उरते. मग आठळी काढायची, धुवायची, लाल रंगात बुडवायची, साखरेच्या पाकात मुरवायची आणि कडू बदामाच्या अर्काने वास द्यायचा. बदामाचाच का? चेरीच्या आठळीत तोच वास असतो म्हणून. फळाचा वास घालवायचा आणि आठळीचा वास बाहेरून आणायचा, असा हा उफराटा व्यवहार.

दारूबंदी उठली, पण जुनी चेरी परत आली नाही. १९४० च्या सुमारास अमेरिकन सरकारने व्याख्याच बदलली आणि रंगवलेली, पाकातली, बदामाच्या वासाची चेरी हीच मराश्कीनो ठरली. म्हणजे पेल्यात पुन्हा दारू आली तेव्हा चेरी मात्र दारूबंदीच्या काळातलीच राहिली. आपल्याकडे जी लाल चेरी पोहोचली ती या दुसऱ्या चेरीची नक्कल, आणि ती नक्कल आपण करवंदावर उतरवली. नकलेची नक्कल म्हणा ना.

रंगाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण निवड करताना खरी मेख तिथे आहे. चेरीला वापरला जाणारा नेहमीचा रंग एरिथ्रोसिन. डब्यावर त्याचा क्रमांक १२७ असा येतो. तो आवडता होण्याचे कारण मोठे गमतीचे आहे. आंबट रसात हा रंग विरघळत नाही, त्यामुळे फळांच्या मिश्रणात चेरीचा लाल रंग शेजारच्या अननसाच्या फोडीला लागत नाही. युरोपात या रंगाला जवळपास सगळ्या खाद्यपदार्थांतून बाहेर काढले, पण कॉकटेलची चेरी आणि पाकवलेली चेरी यांना तेवढी सूट ठेवली. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाण्यातल्या या रंगाची परवानगी काढून घेतली आणि कारखान्यांना २०२७ पर्यंत मुदत दिली. त्यामागे उंदरांवरच्या प्रयोगांत आढळलेल्या गाठींचे कारण आहे. माणसाला तसा अपाय झाल्याचे दिसलेले नाही, हेही त्याच निर्णयात म्हटले आहे. वर्षातून चार चेऱ्या खाणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण लहान मुलांच्या आइस्क्रीमवर रोज एक ठेवणाऱ्या घराने क्रमांक वाचावा.

तर दुकानात उभे राहून काय बघायचे? बाटली उजेडात धरा. पाक दाट आणि किंचित गढूळ असेल तर फळाचा रस त्यात उतरला आहे. पाक पाण्यासारखा पातळ आणि एकसारखा गुलाबी असेल तर तो नुसता साखर आणि रंगाचा खेळ आहे. सगळी फळे एकाच मापाची, एकाच लाल छटेची दिसली तर ती आधी विरंजन करून मग रंगवलेली आहेत हे नक्की. खऱ्या मुरवलेल्या चेरीच्या छटा थोड्या मागेपुढे असतात, साल किंचित सुरकुतलेली असते. घटकांची यादी वाचा: आधी चेरी आहे की साखर, की करवंद, ते तिथेच कळते. देठासकट चेरी हवी असेल तर देठ ताठ आणि फळाला घट्ट धरलेला असावा. चिमटीत धरताच सुटणारा देठ म्हणजे फळ मऊ पडले आहे. सुटी, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी विकली जाणारी चेरी केकसाठी ठीक, पेल्यात नको. तिच्यावरची साखर विरघळते आणि आत चिवट तुकडा उरतो.

आणि सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे घरी करणे. काश्मीरची ताजी चेरी मे-जूनमध्ये आपल्या बाजारात येते. देठ हिरवा, साल चकचकीत, बोटाने दाबले तर घट्ट, अशी गडद चेरी निवडावी. तपकिरी देठ आणि देठाजवळ मऊ डाग असलेली टाळावी. आठळ्या काढून, साखरेच्या एकतारी पाकात लिंबाचा रस पिळून चेरी चार-पाच मिनिटेच उकळावी, आणि उकळलेल्या कोरड्या बरणीत पाकासह भरून फ्रिजमध्ये ठेवावी. आठवड्याभरात मुरते. आठळ्या फोडून त्यातला मगज मात्र पाकात घालू नये. बदामाचा वास येतो खरा, पण त्याच मगजात विषारी सायनाइड तयार करणारे द्रव्यही असते. ज्यांना ताजी चेरी मिळत नाही त्यांनी करवंदे घ्यावीत, आणि बरणीवर करवंदे असेच लिहावे. करवंदाच्या पाकाला स्वतःचा मंद गुलाबी रंग येतो, तो मला दुकानातल्या लाल रंगाहून कितीतरी देखणा वाटतो.

आता पुन्हा हेमलकशाकडे. चेरीतली दारू गेली आणि वरचा दिखावा उरला, हे आपण पाहिले. मोहाच्या वाट्याला याच्या अगदी उलट आले. मोहाच्या फुलातले सगळे गुण कायद्याच्या डोळ्यांआड झाले आणि एक दारूच तेवढी उरली.

मार्च-एप्रिलमध्ये भामरागडच्या रानात पानगळ झालेल्या मोहाला फुले येतात. फिकट पिवळसर, मांसल, रसाने भरलेली ही फुले रात्री सुटतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो. उजाडायच्या आत बायकामुले टोपल्या घेऊन जातात, कारण उशीर झाला तर अस्वले, हरणे आणि गुरे पहिला वाटा घेतात. तीन-चार दिवस उन्हात वाळवले की फूल आकसून तांबूस तपकिरी होते, मनुक्यासारखे दिसते. वाळल्यावर त्यात निम्म्याहून अधिक साखर असते. हे फूल भाजून खातात, शिजवून खातात, भाकरीत घालतात, गुरांना देतात, बाजारात विकून मीठ-तेल घेतात. दुष्काळात या फुलांनी मध्य भारतातल्या किती माणसांना जगवले त्याची नोंद इंग्रजी अंमलदारांनीच करून ठेवली आहे. पुढे त्याच झाडाच्या बियांचे तेल निघते. आणि हो, त्या फुलांची दारूही निघते. माडिया माणसाच्या देवकार्यात, लग्नात, मरणात ती लागते. हे लपवण्यात अर्थ नाही.

इंग्रज सरकारची नजर पडली ती या शेवटच्या उपयोगावर. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, गावोगावच्या भट्ट्या बंद करून गाळपाचा मक्ता मोठ्या ठेकेदारांना देण्यात आला. मुंबईजवळच्या उरणला मोहाची दारू गाळणारे मोठे कारखाने होते आणि त्यांना फुले पंचमहालाकडून येत. सरकारचा करही वाढत गेला. पण ठाणे-कुलाब्याच्या आदिवासीच्या दारात मोहाचे झाड उभे असेल तर तो ठेकेदाराची महाग दारू विकत कशाला घेईल? म्हणून १८९२ मध्ये मोहाविषयीचा एक स्वतंत्र कायदाच झाला आणि त्या दोन जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर निर्बंध आले. दारूवर नव्हे, फुलावर! त्याच काळात वाळलेली मोहफुले मुंबई बंदरातून फ्रान्सला जात होती, कारण तिथली द्राक्षे किडीने मारली होती आणि मद्याला कच्चा माल हवा होता. फ्रान्सच्या भट्टीला चालणारे फूल डहाणूच्या झोपडीत बेकायदा ठरले.

चांदा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांतात होता. गडचिरोली त्याच चांद्यातून, म्हणजे चंद्रपुरातून, १९८२ मध्ये वेगळा झाला. पण स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मोहफुलांची खरेदी-विक्री, वाहतूक आणि साठा यांवर बंधने आली आणि विदर्भ महाराष्ट्रात आल्यावर ती इथल्या रानापर्यंत पोहोचली. परिणाम असा की हंगामात फुले वेचणारी बाई ती साठवू धजत नसे. व्यापाऱ्याला पडेल भावात विकून टाकायची आणि पावसाळ्यात तीच फुले दुप्पट भावाने विकत घ्यायची, हा व्यवहार वर्षानुवर्षे चालला.

इथे कोणी म्हणेल, मग गडचिरोलीची दारूबंदीही चुकीची का? मला तसे वाटत नाही. ती वरून लादलेली नव्हती. १९८७ च्या सुमारास सुरू झालेल्या आंदोलनात डॉ. अभय आणि राणी बंग होते, पण त्याचा कणा गावागावांतल्या बाया होत्या. त्यांचा राग देवासमोर शिंपडायच्या चार थेंबांवर नव्हता, गावात येऊन बसलेल्या दुकानावर आणि रात्री घरात होणाऱ्या मारहाणीवर होता. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, गडचिरोलीने ती टिकवून धरली. पेसा कायद्याने १९९६ पासून ग्रामसभेला मादक पदार्थांबाबत निर्णयाचा अधिकार दिला आहे, आणि देवकार्याची दारू व धंद्याची दारू यांतला फरक ग्रामसभेइतका दुसऱ्या कोणाला कळत नाही. दारूला बंदी आणि फुलाला बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर वर्षे सरकारने त्या एकच मानल्या.

महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे, त्यांची वाहतूक व विक्री यांवरचे निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये. योगायोग पाहा, त्याच वर्षी छत्तीसगडच्या कोरबा भागातून वाळलेली मोहफुले फ्रान्सला निर्यात झाली. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य ठरवण्याची घोषणाही त्याच वर्षीची, आणि गोव्यातल्या एका कंपनीने तर २०१८ मध्येच ती सुबक बाटलीत भरून विकायला काढली. शहरातल्या मद्यगृहात आता मोहाचे कॉकटेल मिळते. त्यावर सजावटीला, अर्थातच, लाल चेरी.

मला उलटे करून बघावेसे वाटते. पेल्यात दारू कोणतीही असो किंवा नुसते कोकम सरबत असो, काडीला मोहाचे फूल टोचून बघा. आदिवासी बायकांचे बचत गट मोहाचे लाडू, सरबत, जॅम करतात. त्यांच्याकडे किंवा आठवडी बाजारात वाळलेली फुले मिळतात. निवडताना पारख एवढीच: रंग तांबूस असावा, काळा नको. बोटांनी दाबल्यावर फूल चिवट लागावे. फुसकन फुटले तर जास्त वाळले, चिकटले तर ओल राहिली आणि बुरशी येणार. मूठभर फुले पांढऱ्या कापडावर झटकून बघावीत. माती, राख पडली तर ती जमिनीवरून वेचलेली आहेत. ती तीन पाण्यांनी धुवावीत, आतले केसर काढावे, दहा मिनिटे वाफवावीत आणि गुळाच्या पाकात दोन दिवस ठेवावीत. वास उग्र आहे, पहिल्यांदा नाक मुरडाल.

राखेचा उल्लेख केला, त्याचे कारणही सांगून ठेवतो. पडलेले फूल दिसावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची जुनी चाल आहे. उन्हाळ्यात तीच आग रानात पसरते. अलीकडे काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. फूल जाळीत पडते, मातीला लागत नाही, आग लावावी लागत नाही. खाण्यासाठी म्हणून निवडलेल्या अशा स्वच्छ फुलाला व्यापारी वेचलेल्या फुलापेक्षा जास्त भाव देतात. जाळी महाग असते, आणि एका कुटुंबाच्या वाट्याला झाडे असतात चार-पाच.